मामांच्या तळव्यावरचा फोड

मामांच्या उजव्या तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता आणि मामांना त्याचा पत्ता नव्हता. मामीला कळलं, तेही सोप्यातल्या फरशीवर ओला ठसा उमटला म्हणून. चैत्र पौर्णिमेला ते दरवर्षीप्रमाणे कोडोलीतून अनवाणी जोतिबाच्या डोंगराला गेले होते. चैत्रातला डांबरी रस्ता दुपारी तव्यासारखा तापतो. बरोबरची तरुण पोरं कडेची सावली धरून, पाय उचलत चालत होती; मामा गुलालानं माखून रस्त्याच्या मधून संथ चालले होते. पोरांना त्याचं कौतुक वाटलं. श्रद्धा असली की चटका लागत नाही, असं त्यांतला एकजण म्हणालाही.

चटका लागला होता. त्याची खबर वर पोचली नव्हती.

मी पुढच्या रविवारी गेलो तेव्हा थोरली मावशी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. मावशी चौतीस वर्षं नर्स होती; निवृत्त झाल्यापासून कोडोलीतच असते. गल्लीतल्या निम्म्या मधुमेह्यांचे पाय तिला पाठ आहेत. तिनं कापसाची बारीक वात केली आणि मामांना डोळे मिटायला लावले. "टेकली की 'हां' म्हण." अंगठ्याला टेकवली, चवड्याला टेकवली, टाचेला टेकवली. मामा वाट बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "लाव की आक्का."

मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि वात खाली ठेवली.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. माणसाच्या आतड्यातले जिवाणू हा गेली काही वर्षं माझ्या वाचनाचा विषय आहे. मामांच्या पायाला मुंग्या येतात हे ऐकल्यापासून मी आतड्यातले जिवाणू आणि नसा यांच्या नात्यावरचे कागद जमवत होतो. त्या दिवशी ते घेऊन गेलो होतो, आणि पिशवीत शौचाचा नमुना तपासायला पाठवायचा एक डबाही होता. पुण्याच्या मामेभावानं कुरिअरनं धाडलेली जिवाणूंच्या कॅप्सूलची बाटली आधीच कोनाड्यात येऊन बसली होती. मावशीला माझा डबा पटला नाही आणि ती बाटलीही पटली नाही. त्या दुपारचं आमचं बोलणं जसं आठवतं तसं लिहितो.

"फोड पायाला आणि तपासणी पोटाची?" मावशी म्हणाली. "चौदा वर्षं साखर आहे याला. साखरेनं नसा जातात, पाय बधिर होतो. यात पोटातले किडे कुठनं आले?"

"किडे नव्हेत मावशी, जिवाणू. आणि साखरेनं नसा जातात हे खरंच आहे. पण मामांची साखर तशी वाईट कधीच नव्हती. तीन महिन्यांची सरासरी सातच्या आसपास असते. तरी पाय गेलाच ना?"

"मग?"

"अमेरिका आणि कॅनडात डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९३ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांनी साखर घट्ट आवळून धरली तर नसांचा त्रास साठ टक्क्यांनी कमी झाला. पण आपल्याकडं बहुतेकांना असतो तो टाइप २. त्यात नुसती साखर आवळून नसांना मिळणारा फायदा फार थोडा निघतो. म्हणजे साखरेखेरीज आणखी काहीतरी नसा कुरतडतंय. ते काय, हे शोधताना शास्त्रज्ञ आतड्यापर्यंत गेले."

मावशी जखमेच्या कडा सलाईनच्या पाण्यानं पुसत होती. "बोल," म्हणाली. "ऐकतेय मी."

मग मी जरा सविस्तर सांगितलं. आपण खातो त्यातला चोथा आपल्याला पचत नाही. भाकरीतला कोंडा, कडधान्याची सालं, पालेभाजीचे धागे हे सगळं तसंच्या तसं मोठ्या आतड्यात जातं. तिथं अब्जावधी जिवाणू त्यावर जगतात. ते चोथा आंबवतात आणि त्यातून काही लहान आम्लं तयार होतात. त्यांतलं एक ब्युटिरेट. लोणी खवट झालं की जो वास येतो तो याच आम्लाचा. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवर पोसल्या जातात. ते भरपूर असलं की अस्तर घट्ट राहतं, पेशींमधले सांधे मिटलेले राहतात. चोथा कमी पडला की ब्युटिरेट करणारे जिवाणू घटतात आणि काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. मग सांधे सैल पडतात आणि जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात. शरीराला वाटतं, शत्रू आला. मंद आच लागल्यासारखा दाह सुरू होतो. त्या दाहात इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा होतात. आणि नसाही त्याच रक्तावर जगतात.

"चुलीतली राख साठत गेली की जाळ लागत नाही, तसं," मामी आतून म्हणाली. ती भाकरी थापत होती.

"हे सगळं उंदरांत बघितलेलं असणार," मावशी म्हणाली.

"उंदरांतही आणि माणसांतही. २०२३ साली चीनमधल्या संशोधकांनी ज्यांचे पाय बधिर झालेत अशा मधुमेह्यांच्या आतड्यातले जिवाणू मधुमेही उंदरांत सोडले. उंदरांच्या नसा आणखी बिघडल्या. मग त्यांनी उलटं केलं. निरोगी माणसांचे जिवाणू बावीस रुग्णांना दिले आणि दहाजणांना खोटं औषध दिलं. कुणाला काय मिळालंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. बावीसजणांच्या गटात नसांचा त्रास कमी झाला. आणि मावशी, महत्त्वाचं हे की साखर किती खाली आली याच्याशी त्याचा संबंध नव्हता."

"बावीस माणसं," मावशी म्हणाली. "माझ्या एका वॉर्डात त्याहून जास्त खाटा होत्या."

"सुरुवात आहे ती."

"सुरुवात आहे हे तुला कळतंय. ज्याचा पाय जळतोय त्याला नाही कळत. तो ऐकतो, पोट सुधारलं की पाय सुधारतो. मग तो गोळ्या बंद करतो आणि चूर्ण आणतो. मी तसे पाय बघितलेत बाळा. अंगठा काळा पडल्यावर आलेले."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं बघितलेले पाय मी बघितले नव्हते.

मावशीनं पट्टी गुंडाळली आणि मग विचारलं, "हे जे सांगतोस ते चीनमध्ये, युरोपात. त्यांचं जेवण वेगळं, अंग वेगळं. आपल्या माणसांचं कुणी बघितलंय का?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर आपल्या राज्यातच आहे. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर अनेक वर्षं काम केलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. सरोज घासकडबी आणि केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबरोबर २०१७ साली त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन गट होते: निरोगी माणसं, नुकताच मधुमेह कळलेली आणि बरीच वर्षं मधुमेह असलेली. ब्युटिरेट करणाऱ्या जिवाणूंची घराणी पहिल्या गटाकडून तिसऱ्याकडं पायरीपायरीनं घटत गेलेली दिसली.

याज्ञिकांचं नाव मावशीला माहीत होतं. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यांनी २००४ साली स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून दाखवलं होतं. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा आकडा एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. मामाही असेच काटक. "मला कुठली साखर, मी तर काठीसारखा," असं म्हणत त्यांनी पहिली दोन वर्षं घालवली होती. देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह असल्याचं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या अभ्यासात निघालं. त्यांत अशी काठीसारखी माणसं पुष्कळ असणार.

"त्या पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली," मी म्हणालो. "लॅक्टोबॅसिलस, म्हणजे ज्या घराण्यातले जिवाणू दही लावतात ते, जुन्या मधुमेह्यांत वाढलेले होते."

मावशीनं हातातली कात्री ठेवली. "वाढलेले? आणि त्या बाटलीवर काय लिहिलंय वाच."

मी कोनाड्यातली बाटली काढली. कॅप्सूलमधले बहुतेक जिवाणू त्याच घराण्यातले होते.

"म्हंजे माझ्या पोटात हायती तेच परत इकत आणायचं?" मामा पहिल्यांदा बोलले.

दही वाईट, असा याचा अर्थ नाही, हे मी त्यांना लगेच सांगितलं. लॅक्टोबॅसिलस हे फार मोठं घराणं आहे, एकेका जातीचा स्वभाव निराळा. आणि मधुमेह्यांत ते वाढलेले दिसले म्हणून मधुमेह त्यांनी आणला असं होत नाही. पण दह्यातला जिवाणू चांगला, म्हणून त्याची कॅप्सूल मधुमेहावर औषध, हा हिशेब चुकीचा आहे. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दह्यानं म्हातारपण लांबणीवर पडतं असं मांडलं. त्याला १९०८ साली नोबेल मिळालं ते रोगप्रतिकाराच्या कामासाठी. दह्याचा बोलबाला मात्र त्याच्या नावावर शंभर वर्षं चालला आहे. ब्युटिरेट करणारे जिवाणू बहुतेक हवेत टिकत नाहीत. त्यांना बाटलीतून आणण्यापेक्षा जे आहेत त्यांना खायला घालणं जास्त साधं आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनी तर प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या विकारांच्या, कारणांत दहीही घातलं आहे. चरकसंहितेत बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ ही कारणं ओळीनं येतात. लघवीला मुंग्या लागणं आणि हातापायांची आग, बधिरपणा ही आधीची लक्षणं म्हणून दिलेली आहेत. कोडोलीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना हे पाठ असतं. सूक्ष्मदर्शक नसताना कुणीतरी पाय चेपता चेपता हे टिपून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

"गुळाचं तेवढं परत सांग," मावशी मामांकडं बघत म्हणाली. "हा चहात गूळ घालतो. गूळ चालतो म्हणे."

"घरचा गूळ हाय आक्का. केमिकलचा न्हाई."

"घरचा असला तरी रक्तात साखरच होते."

मामा गप्प झाले. उसावर घर उभं राहिलेल्या माणसाला हे ऐकणं जड जातं.

मग मावशीनं तिची बाजू मांडली, आणि ती मला अजून आठवते. ती म्हणाली, "तू म्हणतोस पोट बिघडलं म्हणून नसा बिघडल्या. मी उलटं बघितलंय. साखरेनं पायाच्या नसा जातात तशा पोटाच्याही जातात. पाय दिसतो, पोट दिसत नाही. दुपारी जेवलेलं रात्री तसंच पोटात असतं. उलटी होते. कुणाला रात्री झोपेत जुलाब होतात, कुणाला आठ आठ दिवस होतच नाही. आतडं ढकलत नाही, अन्न साचून राहतं, मग तुझे जिवाणू भलत्या जागी वाढणारच की. यात आधी कोण बिघडलं हे तुझा डबा सांगेल का?"

नाही सांगणार. आतड्याच्या हालचाली नसांवर चालतात. मधुमेहात त्या नसा बधिरल्या की लहान आतड्यात, जिथं जिवाणू विरळ असायला हवेत तिथं त्यांची गर्दी होते. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो. मी वाचत होतो त्यात आतड्याकडून पायाकडं जाणारा बाणच ठळक काढलेला होता आणि मीही तोच धरून चाललो होतो. एका क्षणाच्या नमुन्यात कोण आधी आणि कोण नंतर हे दिसत नाही. शिवाय भारतीय माणसाचं निरोगी आतडं नेमकं कसं, याचं सर्वमान्य माप अजून ठरलेलं नाही. अशा नमुन्याचा अहवाल बघून कुठला डॉक्टर मधुमेहाचं औषध बदलत नाही. मी डबा पिशवीत परत ठेवला. त्यावर मी खर्च केलेले पैसे मामांच्या चपलांना पुरले असते.

पण एका बाबतीत मी मागं हटलो नाही. मावशीचा सगळा भरवसा ज्या गोळीवर आहे ती मेटफॉर्मिन.

"मावशी, मेटफॉर्मिन तरी आतड्याला सोडून कुठं काम करते? २०१७ साली एक अभ्यास आला. मेटफॉर्मिन घेतलेल्या रुग्णांच्या शौचातले जिवाणू उंदरांत घातले, तर उंदरांना गोळी न देताही त्यांची साखर सुधारली. गोळीच्या गुणांतला काही भाग जिवाणूंमार्फत येतो. आणि सुरुवातीला मधुमेहाच्या खुणा म्हणून जे जिवाणू मोजले गेले, त्यांतल्या काही खुणा मधुमेहाच्या नसून या गोळीच्या होत्या, हे २०१५ साली उघड झालं. तुमची गोळी आणि माझे जिवाणू वेगळे काढता येत नाहीत."

मावशी थोडी थांबली. तिला हे नवं होतं. मग म्हणाली, "तीच गोळी बी१२ खाली आणते, हे वाचलंस का?"

वाचलं होतं. पण मामांच्या संदर्भात डोक्यात आलं नव्हतं, आणि मी इथं थांबून सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या फार घरांत ही गोष्ट निसटते. बी१२ हे जीवनसत्त्व झाडं करत नाहीत, प्राणी करत नाहीत. ते फक्त जिवाणू करतात. गाईम्हशीच्या पोटात ते जिवाणू आतड्याच्या आधी असतात, म्हणून बी१२ त्यांच्या अंगात उतरतं आणि दुधात, मांसात येतं. माणसाच्या मोठ्या आतड्यातही ते करणारे जिवाणू आहेत. पण बी१२ शोषून घ्यायची जागा लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे त्यांच्या अलीकडं आहे. आपल्याच पोटात तयार झालेलं आपल्याला मिळत नाही. याज्ञिकांच्या गटानं पुणे परिसरातल्या ४४१ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. २००६ साली ते छापून आलं. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी निघालं, आणि शाकाहार हे त्याचं मोठं कारण होतं.

मामांनी नऊ वर्षांपूर्वी माळ घातली. कोल्हापूरकरानं तांबडा-पांढरा सोडणं ही साधी गोष्ट नाही, पण त्यांनी तो सोडला. मधुमेह म्हणून दूधही बंद केलं, वारणेचं दूध दारात येत असताना. आणि रोज दोन वेळा मेटफॉर्मिन. बी१२ कमी झालं की नसांवरचं वेष्टण विरतं. पाय जळतात, मुंग्या येतात, बधिर होतात. मधुमेहाच्या नसांचा त्रास आणि हा त्रास तळव्यावर सारखाच दिसतो. मधुमेहाचा झालेला भाग फारसा परत येत नाही, बी१२ चा वेळेत धरला तर येऊ शकतो.

"बी१२ कधी बघितलंय का मामांचं?" मी विचारलं.

मामीनं कागदांची पिशवी आणली. चौदा वर्षांचे साखरेचे कागद होते. बी१२ चा एकही नव्हता.

"हे माझंही चुकलं," मावशी म्हणाली. "मला माहीत असून मी घरात बघितलं नाही."

जेवणं तिथंच सोप्यात झाली. ताटात ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ, माठाची भाजी आणि जवसाची चटणी होती, मावशी येणार म्हणून. मी म्हणालो, हेच जिवाणूंचं खाद्य. शांघायच्या झाओ लिपिंग यांनी २०१८ साली ४३ मधुमेह्यांवर बारा आठवडे प्रयोग केला होता. दोन्ही गटांना साखरेची एकसारखीच गोळी, फक्त एका गटाच्या जेवणात अख्खी धान्यं आणि तऱ्हेतऱ्हेचा चोथा. त्या गटातल्या ८९ टक्क्यांची सरासरी साखर सातच्या खाली आली, दुसऱ्या गटात ५० टक्क्यांची. चोथ्यावर वाढलेल्या ठराविक जिवाणूंमुळं हे घडलं, हे त्यांनी उंदरांत तपासून दाखवलं.

"भाकरीचं इतकं नको सांगूस याला," मावशी म्हणाली. "ज्वारी चांगली म्हणून चार खातो. चार भाकरीनं साखर चढणारच. दीड भाकरी आणि वाटीऐवजी ताटलीभर उसळ, असं सांग."

तिचं बरोबर होतं. भाकरी कमी आणि उसळ, पालेभाजी जास्त, तीही रोज बदलून. एकच एक चोथा मोजक्याच जातींना पोसतो.

मामी मात्र आमच्या दोघांच्याही पुढं गेली. "तुमी भाकरी सांगतायसा. शाळू पेरतंय कोण आता? आमच्या चार एकरांत चारी एकर ऊस. सासूबाईंच्या वेळेला बांधावर तूर, हुलगा, घेवडा, अंबाडी सगळं असायचं. भाजी इकत आणायची म्हायती नव्हती. आता आठवड्याच्या बाजारात जे येईल ते. रेशनचा तांदूळ घरात हाय, मग तांदूळच शिजतो."

मी शिकवतो त्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही. वारणेच्या पाण्यानं आणि उसानं या खोऱ्याला पैसा दिला, शाळा-कॉलेजं दिली; मी त्याच पैशावर शिकलो आणि त्याचं ऋण मानतो. पण बांधावरचा घेवडा गेला तेव्हा त्याच्यावर जगणारे आमच्या पोटातले जीवही उपाशी पडले, हे कुणाच्या हिशेबात आलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की मधुमेहावर बोलताना कॅप्सूलपेक्षा बांधाची चर्चा आधी व्हायला हवी. मामांनी यंदा विहिरीकडचे पाच गुंठे मोकळे ठेवायचं कबूल केलं आहे. तूर, हुलगा आणि भाजीला.

निघताना मावशीनं मामांच्या नव्या कोल्हापुरी चपला उचलून माझ्या हातात दिल्या. "या घेऊन जा. कोरी कोल्हापुरी चावते हे शाण्या पायाला कळतं. याच्या पायाला कळणार नाही, ती चावत राहील आणि हा चालत राहील." मग ती मामांना एकेक सांगत गेली आणि मामी मान डोलवत ऐकत गेली. रोज रात्री तळवा बघायचा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून बघायचा. घरातही अनवाणी नाही. मऊ, एमसीआर रबराची, मागून पट्टा असलेली चप्पल. अंघोळीचं पाणी आधी मामीनं बघायचं. शेकायची पिशवी नाही, भोवरीला ब्लेड नाही. फोड दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडं, दुखत नसला तरी. न दुखणारा तर आधी.

"आणि जोतिबा?" मामांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"देव पायताण बघत नाही," मावशी म्हणाली. "रस्ता चप्पल घालून चाल. देवळाच्या दारात काढ, आणि पहाटे जा. दगड तापायच्या आत."

मामांचं बी१२ फार कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, दूध पुन्हा चालू झालं. तीन महिन्यांनी पायांची आग आणि मुंग्या पुष्कळ उतरल्या. बधिरपणा होता तिथंच आहे. मेटफॉर्मिन चालूच आहे. कॅप्सूलची बाटली मामेभावाला परत गेली. तळव्याची जखम भरायला अकरा आठवडे लागले, आणि पाय वाचला तो मावशी रोज येत होती म्हणून.

आतड्यातल्या जिवाणूंवर माझा विश्वास कमी झालेला नाही. बधिर नसांवरचा इलाज कदाचित त्यांच्यातूनच निघेल, आणि पुण्यातल्या संशोधकांना आपल्या गावांतून जास्तीत जास्त नमुने मिळावेत असं मला मनापासून वाटतं. तोवर, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. तुमच्या घरात मधुमेहाचं माणूस असेल तर आज रात्री त्याचे दोन्ही तळवे उजेडात धरून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि त्याच्या कागदांत बी१२ चा कागद आहे का ते शोधा.